माडीवरचा वास

१

वादिराजराव म्हणजे नाकासमोर चालणारे गृहस्थ, आणि त्यांचं नाकही तसं गावात नावाजलेलं. तंजावरच्या एका पॉलिटेक्निकात त्यांनी उभा जन्म इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, पण मुलांच्या लक्षात राहिलं ते एकच, राव सारांचं 'नाकाचं लेक्चर'. बिघडलेलं यंत्र समोर आलं की मीटर नंतर लावा, आधी हुंगा, असं ते बजावत. रेझिस्टर जळला की घशात बसणारा तिखट धूर. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांवरचं वार्निश तापलं की करपलेल्या गुळाचा वास. कपॅसिटर पाझरला की आंबट, ओशट. जुन्या रेडिओतली सेलेनियमची पट्टी गेली की सडक्या मुळ्याचा. आणि प्लग-सॉकेटचं प्लॅस्टिक आतल्या आत तापायला लागलं की माशाचा.

इथे वर्ग हमखास खिदळायचा. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "सार, तुम्ही मासा कधी हुंगलाय का?"

"पुस्तकात लिहिलंय," असं म्हणून राव सार फळ्याकडे वळत. मुलांचं चुकत नव्हतं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता, आणि मासळीबाजारावरून जावं लागू नये म्हणून स्वतः राव सायकलवरून अर्ध्या गावाला वळसा घालत. माशाचा वास त्यांना ठाऊक होता तो असा, ऐकीव.

लग्न राहूनच गेलं. थोरली बहीण अंबुजा लग्न होऊन तिरुवैयारुला गेली, आईचं करता करता यांचे केस पांढरे झाले. मग आई गेली, नोकरी संपली आणि मेलवीदी या मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीतल्या त्या दुमजली घरात हे एकटेच उरले. घर खायला उठतं म्हणतात त्याचा अर्थ त्यांना साठीनंतर कळला. तेव्हा त्यांनी माडी भाड्याने दिली. लोकांना वाटलं, म्हातारा पैशाच्या मागे लागला. खरं कारण असं होतं की डोक्यावर कोणाची तरी पावलं वाजावीत.

माडीवर आली ती सहायमेरी. नागपट्टिणमच्या बाजूची, किनाऱ्यावरची मुलगी, एका खासगी रुग्णालयात नर्स. तिला बहुतेक रात्रपाळीच असे. सकाळी चपला हातात धरून ती आतल्या जिन्याने वर जायची, का, तर सारांची पूजा चाललेली असते. दुपारपर्यंत झोपायची, उठून इंडक्शनच्या शेगडीवर काहीतरी शिजवायची, आणि एकच्या सुमारास खुर्ची ओढायची. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला की खाली राव आपलं ताट वाढून घेत. वर ती जेवतेय, खाली हे जेवताहेत. एका पंगतीला बसल्याचं सुख त्यात होतं, पण तसं विचारलं असतं तर त्यांनी साफ कानावर हात ठेवले असते.

असं वर्ष गेलं. मग फाल्गुनाच्या उन्हात, एका दुपारी, दहीभाताचा घास तोंडाशी नेताना जिन्यावरून एक वास खाली आला. ओलसर, उग्र, नाकाच्या मुळाशी चिकटणारा. तो कशाचा ते रावांना कळेना, आणि कोणाचा ते मात्र लगेच कळलं.

२

त्यांनी तो वास बरेच दिवस सोसला. बोलायचा धीर नव्हता, आणि पोरगी गेली तर, ही भीतीही होती. पण आईची तिथी आली आणि तिरुवैयारुहून अंबुजाक्का आली.

अक्का नाकाने कांदे सोलणारी, बोलणं अजून जुन्या तंजावरी मराठीतलं. सोवळ्यात स्वयंपाक निम्मा झाला असेल, आणि तिने पदर नाकाला लावला.

"वादू, हा कसला रे वास?"

"वास? मज तर काही..."

"तुज कळेना? मासा शिजतोय माडीवर, मासा! आईच्या तिथीला!" तिने पळी खाली ठेवली. "तेव्हांच सांगिटलें की नाही मी? नको, नको म्हणून सांगिटलें. तूच घेटलास तिला घरात, आतां तूच जाऊन सांग. तोपर्यंत मी पानं मांडायची नाही."

राव जिना चढले. सहायमेरीने दार उघडलं. तिचे केस ओले होते, खांद्यावर टॉवेल होता, मागे ओट्यावर एक छोटं पातेलं.

"वास येतोय," ते तमिळमध्ये म्हणाले.

"कसला सार?"

"माशाचा. आज माझ्या आईची तिथी आहे."

पोरगी गोंधळली. "मी रस्सम करतेय सार. आत या ना, बघा."

आता इथेच सगळं चुकलं. राव सोवळ्यात होते. त्या धोतराने तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं असतं तर खाली जाऊन पुन्हा अंघोळ, पुन्हा धोतर, गुरुजी खोळंबलेले आणि अक्काच्या तोंडाचा पट्टा. चार पावलं आत गेले असते तर शेगडीमागची भिंत त्यांना दिसली असती. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"माझ्या नाकाला कळतं," ते म्हणाले. वर्गात म्हणत तसंच, ठामपणे.

"घर घेताना अक्कांनी सांगितलं होतं, इथे मासा करायचा नाही. मी एकदाही केला नाही सार. खायचा झाला तर कँटीनमध्ये खाते."

राव तिच्याकडे न बघता म्हणाले, "दुसरीकडे जागा बघितलीस तर बरं होईल."

त्याच आठवड्यात ती गेली. एक ट्रंक, एक बादली, एक खुर्ची, ती शेगडी. ऑटोत सामान चढवून तिने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि 'येते सार' म्हणाली. 'जाते' असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, म्हणून.

३

वास गेला. म्हणजे आपलं खरं ठरलं, असं रावांनी मनाला सांगितलं आणि अक्कालाही फोन करून कळवलं. अक्का म्हणाली, "बरें झालें." ते दोन-तीन दिवस ठीक गेले.

मग लक्षात आलं की एक वाजला तरी आपण ताट वाढून घेत नाही. खुर्चीच्या आवाजाची वाट बघत बसतो. भात निवून गोळा होतो. घास घेतला तर स्वतःच्या चावण्याचा आवाज स्वतःला ऐकू येतो, इतकं ते घर गप्प झालं होतं.

शेवटी झाडलोट करण्याच्या निमित्ताने ते माडीवर गेले. एकच लांबट खोली, टोकाला कंबरभर उंचीचा कठडा, आणि त्यापलीकडे स्वयंपाकाचा ओटा. ओट्यामागच्या भिंतीवर सॉकेट होतं. पांढऱ्या प्लॅस्टिकचा रंग करपलेल्या पोळीसारखा झाला होता आणि एक भोक काळं पडून वितळलं होतं. रावांनी ते उघडलं. आत तारेचा स्क्रू ढिला होता. दिवसागणिक त्यावर शेगडी चालत होती, ढिला सांधा तापत होता, प्लॅस्टिक शिजत होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं. तोच वास.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हे शिकवलं त्यालाच हे कळलं नव्हतं. आणि कळस म्हणजे ते सॉकेट माडी भाड्याने देताना त्यांनी स्वतःच बसवलेलं होतं. ढिला स्क्रूही त्यांचाच. ते तिथेच फरशीवर बसले. इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फोन लावायला त्यांना संध्याकाळ झाली.

"सहायमेरी, मी राव. ते सॉकेट होतं."

"काय सार?"

"वास. सॉकेटचा होता. मीच बसवलेलं. तू खरं बोलत होतीस."

पलीकडे ती थोडीशी हसली. "वसतिगृहात एका खोलीत पाचजणी आहोत सार," ती मग म्हणाली. "दिवसा डोळ्याला डोळा लागत नाही."

"परत ये. नवं सॉकेट बसवतो. आणि... तुला जे शिजवायचं ते शिजव."

"मासा?"

रावांनी एकदा देवघराकडे बघितलं. "मासा," ते म्हणाले.

"रविवारी येते. चर्चमधून परस्पर."

त्या रात्री राव लवकर झोपले आणि गाढ झोपले. त्यांना खूप बरं वाटत होतं, हे सांगायलाच हवं.

४

त्यांनी माडीला पांढरा रंग काढून घेतला. नवं जाड सॉकेट आणलं, स्क्रू आवळून पुन्हा दोनदा आवळला. जुनं गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत स्वतः टाकून आले. माडीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ताट वाढून घेताना, वास आला.

राव चिडले. बाजारात मालच असा मिळतो, असं पुटपुटत ते वर गेले. सॉकेटवर तळवा ठेवला. गार. गार असणारच, त्यात काही लावलेलंच नव्हतं. आणि वीज वाहत नसेल तर सॉकेट तापत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. खोली रिकामी, रंगाचा उग्र वास ताजा. त्या रंगाच्या वासाखालून तो दुसरा येत होता.

खाली येऊन त्यांनी घराचा मेन स्विचच बंद केला. पंखे थांबले, फ्रिज हुंदका देऊन गप्प झाला. आता घरात एकही तार जिवंत नाही. ते जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. वास तसाच होता, उलट जरा वाढला होता.

ठीक. मग शेजार? एका बाजूला वैष्णव म्हातारा-म्हातारी, दुसऱ्या बाजूला नारळाची वखार. वारा? पान हलत नव्हतं. नाक? या वयात नाक खोटं बोलायला लागतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. माणसाच्या मनात असतं त्याचाच वास त्याला येतो. हे कारण त्यांना पटलं. शरमेचा वास, असं म्हणून ते स्वतःशी हसलेदेखील.

आणि वर पळी वाजली. पातेल्याच्या काठावर पळी आपटून रस झाडतात ना, तशी. टण्‌, टण्‌.

राव बऱ्याच वेळाने वर गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कोणी नव्हतं. भिंती पांढऱ्या, फरशी कोरडी. त्यांनी ओट्याच्या काळ्या दगडावर हात फिरवला आणि हात चटकन मागे घेतला. दगड गरम होता. वरची गच्ची उन्हाने तापते, त्याने तापला असेल, हे त्यांच्या तोंडून मोठ्याने निघालं. पण गच्चीने तापला तर सगळा ओटा तापायला हवा. तो फक्त मधोमध तापला होता, पातेल्याच्या बुडाएवढ्या वर्तुळात. बाकीचा दगड गारेगार.

५

शुक्रवारी दुपारी त्यांनी सहायमेरीला फोन केला. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं, आणि भलतंच विचारलं गेलं.

"मासा शिजताना वास कसा येतो गं?"

ती हसली. "आतापासून सवय करताय होय सार?"

"सांग तर."

"तुमच्या सॉकेटसारखा येतो तो कच्च्याचा, नुसता ओला, उग्र. शिजायला लागला की बदलतो. आधी तेलात मेथी तडतडते. मग धणे, मिरची. मग चिंचेचा कोळ पडतो, आणि चिंचेला उकळी आली की तो पहिला वास पार विरघळून जातो. माझी आई म्हणते, घरच्यांना हाक मारावी लागत नाही, चिंच उकळली की आपणहून येतात."

राव फोन कानाशी धरून डोळे मिटून उभे होते. घरात वास भरला होता. पहिल्या दिवशी तो नुसता ओला, उग्र होता. आज त्यात मेथी होती. आणि मेथीच्या मागून, गोडसर-आंबट, नक्की नक्की चिंच. चिंच त्यांना ऐकीव नव्हती. ती जन्मभर त्यांच्या सांबारात होती.

सॉकेटला चिंच कुठून येणार?

"सार," सहायमेरी म्हणाली, "माडीवर कोण आहे?"

"का?"

"पळी वाजतेय कोणाची तरी. मला ऐकू येतंय."

म्हणजे नाक नव्हे, कान नव्हे, म्हातारपण नव्हे. खरं सांगावं, असं जिभेवर आलंही. पण खरं सांगितलं तर ती रविवारी येईल का? आणि ती नाही आली, तर या घरात आपण आणि माडीवरचं ते, दोघंच.

"रंगवाले आहेत," ते म्हणाले. "डबे आपटताहेत."

"बरं. रविवारी भेटू सार."

फोन ठेवल्यावर राव ओसरीवर जाऊन बसले आणि ऊन उतरेपर्यंत आत गेले नाहीत. अक्काला फोन करावा असं एकदा वाटलं. पण अक्का काय म्हणाली असती ते त्यांना पाठ होतं.

६

शनिवारी गल्लीत दिवसभर वीज नव्हती. तारांच्या देखभालीसाठी महिन्यातून एकदा सगळ्या भागाची वीज बंद ठेवतात, तसा तो दिवस. पंखे नाहीत, पाण्याच्या मोटारी नाहीत, वखारीतलं नारळ सोलायचं यंत्र नाही, कोणाच्या घरातला टीव्हीही नाही. भर दुपारी तंजावर इतकं शांत असू शकतं, हे एरवी लक्षातच येत नाही.

राव सकाळपासून मनाशी वाद घालत होते. उद्या ती येणार. तिने इथे एकटीने झोपायचं, शिजवायचं, जेवायचं. काही असेल तर ते आजच बघायला हवं, आणि काही नसेल तर तेही आजच. चक्क दिवसाउजेडी. यात भिण्यासारखं काय आहे?

एकच्या सुमारास वास आला. आज तो पुरता शिजलेला होता. उग्रपणा कुठल्या कुठे गेला होता. कढीपत्ता, चिंच, ऊन ऊन भात. आणि इथे एक गोष्ट झाली जिची रावांना त्या पळीपेक्षा जास्त भीती वाटली. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

वर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. माडीत खुर्ची नव्हती, ती सहायमेरी घेऊन गेली होती.

किल्ली मुठीत धरून ते जिना चढले. दाराला कुलूप होतं. दाराशेजारी जिन्यावर उघडणारी एक खिडकी होती, तिची झडप नीट लागत नसे. फटीतून पट्टीएवढी खोली दिसायची. रावांनी फटीला डोळा लावला.

फरशीवर दोन केळीची पानं मांडलेली होती, समोरासमोर. पानांवर पाणी शिंपडलेलं, थेंब अजून हलत होते. दोन्हींवर भात वाढलेला, भातात आळं केलेलं, आळ्यात तांबूस रस. एका पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे येईल असा होता, जसा असायला हवा. समोरच्या पानाचा उलटा, जेवणाऱ्याच्या उजवीकडे होता. असं पान जिवंत माणसाला कोणी मांडत नाही.

कठड्यापलीकडे, ओट्याशी, कोणाची तरी वाकलेली पाठ होती. ओला केसांचा बुचडा, खांद्यावर टॉवेल. क्षणभर रावांना वाटलं, सहायमेरीच. आजच आली, खिडकीबिडकीतून आली, कशीही आली असेल! त्यांचा जीव भांड्यात पडला. ते हाक मारणार तोच एका हाताने जवळचं पान, डावीकडे शेंडा असलेलं, बोटांनी हलकेच सरळ केलं. आई करायची तसं, पाहुणा बसायच्या आधी.

पाठ त्या टोकाला होती आणि तशीच वाकलेली होती, हललीसुद्धा नव्हती. हात या टोकाला होता, दाराशी. मध्ये सगळी खोली. मास्तरांनी मनातल्या मनात ते अंतर मोजलं, मग पुन्हा मोजलं. कोणाचा हात आणि कोणाची पाठ याचा मेळ त्यांना घालता येईना. मग हात फटीच्या बाहेर गेला.

ओट्याशी पळी वाजली. टण्‌, टण्‌. जेवायला बोलावतात तशी.

७

खिशातला फोन थरथरला तेव्हा ते वरच्या पायरीवर भिंतीला टेकून उभे होते.

"सार!" सहायमेरीचा आवाज फुललेला होता, मागे ऑटोचा फटफटाट. "उद्या पाळी लावली माझी, म्हणून आजच सामान घेऊन निघाले. चालेल ना? मेलवीदीच्या कोपऱ्यावर आहे, दोन मिनिटांत पोचते. आणि सार, वंजिरम मासा घेतलाय. तुम्ही नका खाऊ, नुसते बसा."

त्या शांत दुपारी तो ऑटो त्यांना फोनमधून ऐकू येत होता आणि गल्लीच्या टोकावरूनही. इतकी जवळ आली होती ती. रावांना रडू यायला लागलं. गेले कितीतरी दिवस त्यांनी फक्त या एका आवाजाची वाट बघितली होती.

"येऊ नकोस," ते म्हणाले.

"काय सार?"

"येऊ नकोस. माडी दिली मी."

"दिली? कोणाला? कालच तर..."

"आलंय कोणी. राहायला लागलेत."

ऑटोचा आवाज जिथल्या तिथे थांबला. "तुम्ही काल म्हणालात रंगवाले आहेत," ती हळूहळू म्हणाली. "सार, काय झालंय? तुमचा आवाज असा का येतोय? मी येते, वर येऊन बघते. बरं नाही का वाटत?"

ती नर्स होती. आवाजावरून ओळखायची. आता काहीही सांगितलं, भूत म्हणा, वास म्हणा, छातीत दुखतंय म्हणा, तरी ती धावत जिना चढून येणार होती. ती न येण्याजोगं एकच वाक्य त्यांच्याजवळ होतं, आणि ते कुठे लागेल हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"आमच्यातलीच माणसं आहेत," वादिराजराव म्हणाले. "सोवळ्याओवळ्याची. तुझं इथे जमणार नाही. मासे घेऊन गल्लीत उभी राहू नकोस."

मग ती म्हणाली, "बरं सार." ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन बंद झाला. कोपऱ्यावर ऑटोने वळण घेतलं, त्याचा आवाज मेलवीदीवरून लांब गेला, बारीक होत गेला, आणि पुन्हा ती शांतता.

राव जिन्यावरून खाली बघत राहिले. खाली त्यांची खोली होती, खाट होती, झाकून ठेवलेला गार दहीभात होता. संध्याकाळी वीज आली असती, पंखा फिरला असता. उद्या रविवार, मग सोमवार. आता या जिन्यावरून कोणीही वर येणार नव्हतं, याची त्यांनी आत्ताच, स्वतःच्या तोंडाने, व्यवस्था केली होती.

आत पळी पुन्हा वाजली, या खेपेला थोडी अधीर. भात निवत असणार.

वादिराजरावांनी डोळे पुसले. चपला काढून भिंतीशी जोडून ठेवल्या. मग त्यांनी कुलूप उघडलं आणि पंगतीला उशीर झालेला माणूस म्हणतो तसं, "आलों, आलों," असं ओशाळं म्हणत ते आत गेले.